पंतांनी मला पाठ केलं

मी एक जुना डोळे तपासायचा तक्ता आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात कोणाचा विश्वास बसणार नाही. मित्रांनो, एकदा मला असा राग आला की मी माझ्या अंगावरची अक्षरं माझी मीच हलवली. हसा, खुशाल हसा. तुमच्या वर्गात टांगल्यापासून मी गप्पच होतो. पण काल तुमच्यातलंच कोणीतरी म्हणालं, "आमच्या आजीला शुगर हाय, पण ती सुईत दोरा ओवती, म्हणजे डोळे ठणठणीत." ते ऐकलं आणि माझा खिळा तापला. आज बोलल्याशिवाय राहवत नाही.

पांढऱ्या पत्र्यावर काळी अक्षरं, असा माझा जन्म. वर एकटा 'क', ताटाएवढा. खाली उतराल तशी अक्षरं बारीक होत जातात आणि सातव्या ओळीत मुंगीच्या पायाएवढी उरतात. चष्मेवाल्या नासेरभाईंनी मला कळमनुरीच्या दुकानात टांगलं ते बावीस वर्षांसाठी. काय दरारा होता माझा! म्हशीला शिंगं धरून बसवणारा पहिलवान माझ्यासमोर बसला की घाम पुसायचा. गोरेगावच्या एका नवरदेवाची सोयरीक माझ्या चौथ्या ओळीवर तीन आठवडे अडून राहिली होती. नासेरभाई दुकान उघडलं की आधी मला ओल्या फडक्यानं पुसायचे, मग चहा प्यायचे.

अशा माझ्यापुढं एका बाजाराच्या दिवशी विष्णुपंत येऊन बसले. आखाडा बाळापूरच्या एका देवळाचे पुजारी. श्रावणात त्यांनी पोथी लावली की माणसं ओट्यापर्यंत बसायची. स्मरण असं की एकदा कानावर पडलेलं जन्मात विसरायचे नाहीत. त्यांना शुगर निघाली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं की दरवर्षी नांदेडला जायचं, डोळ्यांत थेंब टाकून आतला पडदा तपासून घ्यायचा. पंत नांदेडला गेले नाहीत, माझ्याकडे आले. उपवासाच्या दिवशी गोळी घ्यायची नाही, आणि पेढा मात्र प्रसादाचा म्हणून दोनदा घ्यायचा, हा त्यांचा नेम. प्रसादाची साखर अंगाला लागत नाही म्हणे! रक्ताला काय कळतं, पेढा कोणाच्या पुढ्यातून उचललाय ते?

त्यांच्याआधी चार जण मला मोठ्यानं वाचून गेले. पंत बाकावर डोळे मिटून ऐकत होते, मंत्र ऐकावा तसं. त्यांची पाळी आली आणि त्यांनी मला वरपासून खालपर्यंत एका दमात म्हणून दाखवलं. उजवा डोळा झाकला तरी तेच, डावा झाकला तरी तेच. नासेरभाई खूश झाले. खोटं कशाला सांगू, पहिल्या वर्षी मीसुद्धा फसलो.

दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं. पंत मला वाचत होते, पण त्यांची नजर माझ्याशेजारच्या कॅलेंडरावर होती.

मित्रांनो, बावीस वर्षांत लेकरांनी माझ्यावर शेंबूड पुसला, पालीनं माझ्यामागं अंडी घातली, एका गिऱ्हाइकानं मला रागानं चप्पल मारली. ते सगळं मी सोसलं. पण मला पाठ कोणी केलं नव्हतं! ज्यानं खरं सांगायचं त्यालाच या माणसानं खोटा साक्षीदार केला.

तिसऱ्या वर्षी त्यांची सून पद्मजा बरोबर आली. याच त्या तुमच्या बाई, मला दुकानातून या वर्गात आणणाऱ्या, दाराजवळ वह्या तपासत बसल्यात. त्यांनी नासेरभाईंना सांगितलं की मामंजींच्या हातून तीर्थ भलतीकडेच पडतं, लोकांचा तळहात कोरडा राहतो, आणि निरांजन लावायला तीन-तीन काड्या जातात.

"सूनबाई, श्रावणभर पोथी वाचली की नाही मी? एक अक्षर तरी चुकलं का?" पंत म्हणाले.

चुकणार कसं? पानं नुसती सवयीनं उलटत होती. पोथी त्यांच्या डोक्यात होती, आणि गावाला वाटायचं ती डोळ्यांत आहे.

नासेरभाई साधा माणूस, पण त्या दिवशी नीट बोलले. "पंत, ह्या तक्त्यावर फक्त समोरचं कळते. पडदा असते मागं, तो मला दिसत न्हाई. शुगरवाल्याचा पडदा थेंब टाकूनच बघावा लागते. एकदा नांदेडला जाऊन या."

"शेवटची ओळ वाचली ना? मग पडद्याला काय धाड भरलीय?"

ऐकलंत? माझ्याच नावावर त्यांनी नांदेड टाळलं! अहो, मला काय कळतं पडद्यातलं? शुगर वाढत राहिली की तिथल्या बारीक नसा झिरपायला लागतात. दुखत नाही, डोळा लालही होत नाही. सुईत दोरा जातो, माझी सातवी ओळसुद्धा वाचता येते, आणि आत नासाडी चालूच असते. अक्षर पुसट व्हायची वाट पाहणारा माणूस म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणारा. पंतांच्या बाबतीत तर अक्षरं पुसट झाली होती, आणि ते त्यांनी पोटात ठेवलं होतं. का, तर दिसत नाही हे कळलं की देवळातली पोथी दुसऱ्याच्या हातात जाईल. पोथी हातून जाऊ नये म्हणून या माणसानं डोळे पणाला लावले!

चौथ्या वर्षी पंत सुनेला घेऊन पुन्हा बाकावर येऊन बसले. मी रागानं असा थरथरलो की सुपातल्या दाण्यांसारखी अक्षरं उडाली. पडताना मी ती झेलली, आणि वरच्या दोन ओळी सोडून बाकी सगळी भलत्याच जागी बसवली. पटत नसेल तर जवळ येऊन बघा, पाचव्या ओळीतला 'ट' अजून जरा तिरका आहे.

पंतांनी खडखडीत आवाजात मला म्हणून दाखवलं. तेच जुनं, तसंच एका दमात. नासेरभाईंनी त्यांना मध्ये अडवलं नाही. बाकावर बसलेल्या एका बाईनं पदर तोंडाशी नेला.

"पंत," नासेरभाई हळूच म्हणाले, "तिसऱ्या ओळीपासून एकबी अक्षर ते न्हाई."

पंतांनी उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाले, "गावात बोलू नका."

बाजाराचा दिवस, गिऱ्हाईक रांगेत, तरी नासेरभाईंनी शटर ओढलं. तिघं तसेच नांदेडच्या जीपमध्ये बसले. तिथं थेंब टाकले, पडद्यावर रक्त उतरलेलं दिसलं, लेसर करावं लागलं. थेंबांनी दिवसभर ऊन डोळ्यांत सुयांसारखं टोचतं, म्हणून परतताना पद्मजाबाईंनी त्यांच्या डोक्यावर आपला पदर धरला होता.

तेव्हा ऐका, आणि घरी जाऊन ओरडून सांगा. ज्यांना शुगर आहे त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवायचा नाही! चांगलं दिसत असलं तरी वर्षातून एकदा थेंब टाकून पडदा दाखवायचा, आणि जाताना कोणाला तरी बरोबर न्यायचं. गोळी चुकवायची नाही, बीपी बघायचं. डोळ्यापुढं अचानक काळे ठिपके तरंगले किंवा पडदा ओढल्यासारखं झालं तर त्याच दिवशी निघायचं, बाजार असो नाहीतर श्रावण असो. आणि आजी-आजोबा वाचून दाखवत असतील तर त्यांच्या हातात कधी न पाहिलेला कागद द्या!

मी अक्षरं हलवली म्हणून पंतांचं भलं झालं. दोन्ही डोळे वाचले. आता तर देवळाच्या पायरीवरून त्यांना फाट्यावरच्या बसची पाटी दिसते, ड्रायव्हरची मिशीसुद्धा दिसते, आणि...

पद्मजाबाईंनी लाल पेन वहीवर ठेवला.

"खोटं आहे," त्या म्हणाल्या. "डावा डोळा गेला. म्हणून तर मी रोज मामंजींच्या डाव्या बाजूनं चालते."