तेविसावं पान

चोवीस चमचे एकदम पालथे झाले आणि हॉलमध्ये कुणीतरी टाळी वाजवल्यासारखा आवाज घुमला.

“आवाज नको,” मॅनेजरबाई म्हणाल्या. “रीत आहे ती, कवायत नाही. पुन्हा.”

तालमीसाठी वाढपी पाहुण्यांच्या खुर्च्यांवर बसले होते. इतक्या वर्षांत त्या खुर्च्यांवर बसायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे अर्ध्यांचं लक्ष चमच्याकडे नव्हतंच. सूप संपलं की चमचा पालथा ठेवायचा आणि मनात शंभर मोजून होईपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही. त्या देशात मेजवानी अशी सुरू होते, असं पुस्तिकेच्या तेविसाव्या पानावर छापलं होतं. पुस्तिका मास्तरांची. वाढप्यांना शिकवता शिकवता त्यांना हे नाव पडलं होतं आणि पगारपत्रक सोडलं तर दुसरं नाव कुठे उरलं नव्हतं. एक्केचाळीस देशांच्या जेवणाच्या रीती, प्रत्येकी एक पान. तेविसाव्या पानावरच्या देशाचा एकही माणूस एकोणीस वर्षांत या हॉटेलात जेवला नव्हता. आज दुपारी एक वाजता बारा येणार होते.

मास्तर दाराशी उभे राहून एका नॅपकिनची घडी घालत होते आणि मोडत होते. मग ते स्वयंपाकघरात गेले.

“ते पान मी मनाने लिहिलंय,” त्यांनी मुख्य आचाऱ्याला सांगितलं.

आचारी सूप चाखत होता. त्याने डाव खाली ठेवला नाही.

“मनाने म्हणजे? मन लावून?”

“मनातून.”

“उचललं पेन आणि लावलं कागदाला? आणि बाकीची चाळीस?”

“ती खरी. एकेका पाहुण्याला, एकेका खानसाम्याला विचारून लिहिलीत. या देशाचं कुणी सापडलंच नाही. पान कोरं ठेवलं असतं तर लोक म्हणाले असते, मास्तरला माहीत नाही.”

“पण तुला माहीत नव्हतंच ना?”

“म्हणून तर.”

आचाऱ्याने सुपात चिमूटभर मीठ टाकलं. “गप्प बस. झाकली मूठ सव्वा लाखाची. बायकोला सांगितलंस?”

“ती म्हणाली, सांगून टाका, नाहीतर अपचन होईल.”

“शहाणी आहे. पण ती इथे नोकरीला नाही.”

मास्तर तरीही मॅनेजरबाईंच्या खोलीत गेले. “बाई, जरा बोलायचं होतं,” एवढं त्यांनी म्हटलंही.

“मलाही,” बाई म्हणाल्या. “मुख्य कार्यालयाचं पत्र आलंय. तुमची पुस्तिका आपल्या सगळ्या शाखांत द्यायची म्हणताहेत, तुमच्या नावानिशी. आजची मेजवानी कशी होते ते बघून कळवायचंय. दीड महिन्याने तुम्ही रिटायर होणार, तुमच्यामागे काहीतरी राहायला हवं की नको? बोला, तुमचं काय होतं?”

मास्तरांच्या डोळ्यांपुढे चाळीस खरी पानं एका खोट्या पानामागोमाग टोपलीत गेली.

“सूप जरा गरम वाढायला सांगतो,” ते म्हणाले.

सव्वा वाजता सूप संपलं. यजमान मंडळाच्या अध्यक्षांनी चमचा पालथा ठेवला, त्यांच्यामागोमाग इकडच्या अकरा जणांनी. बारा पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि अत्यंत अदबीने आपापले चमचे पालथे केले. हॉल शांत झाला. भिंतीशी उभे असलेले वाढपी मनात शंभर मोजत होते. पण प्रत्येकाचं शंभर वेगळं असतं. दोघे मध्येच निघाले, दचकून थांबले आणि एका पायावर उभे राहिले. पाहुण्यांपैकी सर्वांत वयस्क गृहस्थांनी डोळे मिटून घेतले होते. मास्तरांना वाटलं, हे आता रागाने उघडतील. ते शांतपणे उघडले.

राग कळला तो पुढे. पाहुणे जेवले, चांगले जेवले, ताटं पुसल्यासारखी केली. पण जेवणाबद्दल सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली. एक ‘वा’ नाही. अध्यक्षांनी दोनदा विचारलं, “कसं काय वाटलं?” तेव्हा वयस्क गृहस्थ खिडकीबाहेर बघून म्हणाले, हवा छान आहे.

“मास्तर,” मॅनेजरबाई कुजबुजल्या, “काहीतरी चुकलंय. काय चुकलं?”

“विचारून येतो,” मास्तर म्हणाले. खरं काय ते सांगून टाकायचं, हे त्यांनी तिथून निघतानाच ठरवलं होतं.

बारा पाहुण्यांमध्ये एक बाई होत्या. कुणी कुठे बसायचं, आधी कुणी बोलायचं, हे पाहणं त्यांचं काम. त्या इथली भाषा शिकून आल्या होत्या आणि बोलताना एकही चूक करत नव्हत्या. परक्या आहेत हे त्यावरूनच कळत होतं. मास्तरांना त्या बेसिनच्या खोलीबाहेर, व्हरांड्यातल्या टेबलापाशी हात पुसताना भेटल्या.

“हात धुतले,” त्या म्हणाल्या. “आता बोललं तर चालेल ना? भोजन अप्रतिम होतं. ते सूप! आमचे प्रमुख तर मघापासून हात धुवायची वाट पाहत आहेत.”

“म्हणजे?”

“तुमच्याकडे हात धुवेपर्यंत अन्नाविषयी बरंवाईट बोलत नाहीत. सर्वांना मी बजावून ठेवलं होतं.”

मास्तरांनी आपलं घर आठवून पाहिलं. तिथे पहिला घास घशाखाली उतरण्याआधीच मीठ कमी पडल्याचं जाहीर होई.

“हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“आमच्या खात्याची पुस्तिका आहे. मीच लिहिलेली. पण तुमची ती चमच्याची रीत माझ्याकडून राहूनच गेली. फार सुंदर आहे.”

“ती तुमची आहे,” मास्तर म्हणाले.

“आमची?”

“माझ्या पुस्तिकेत.”

त्या बाईंनी हातातल्या टॉवेलकडे पाहिलं. “आणि तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही. छापखान्याचा माणूस दारात येऊन बसला होता.”

बाईंनी एकेक बोट सावकाश पुसलं.

“आमच्याकडे तो फोन करतो,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात मॅनेजरबाई लगबगीने आल्या. पाहुणीकडे बघून हसल्या आणि मास्तरांना हळूच म्हणाल्या, “मुख्य कार्यालयाचा फोन आहे. काय सांगू?”

“चाळीस पानं डोळे झाकून पाठवा. तेविसावं संध्याकाळी देतो.”

“का? त्याला काय झालं?”

“ते मी कुणालाही न विचारता लिहिलं होतं.”

मॅनेजरबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी घाबरून पाहुणीकडे पाहिलं.

“माझंही एक पान तसंच आहे,” त्या बाई शुद्ध भाषेत म्हणाल्या, टेबलापाशी खुर्ची ओढून बसल्या आणि पर्समधून वही काढली.

मास्तरांनी खिशातलं पेन काढलं आणि समोर बसले.

“हं. तुमच्या घरी जेवायला बसता तेव्हा आधी काय करता?”

“आधी तुम्ही सांगा,” त्या म्हणाल्या.