यादीत नसलेला हार

कान सोनारानंच टोचावे म्हणतात. मला मात्र एका सोनाराचेच टोचायचे होते, आणि त्यासाठी मी नऊ वर्षं दम धरला.

अकोल्यात दरवर्षी सराफांचं मोठं रत्न-दागिन्यांचं प्रदर्शन भरतं. व्यापाऱ्याचा माल दारातच यादीशी जुळवून बघतात, मगच आत सोडतात. यंदा ते टेबल माझं होतं. व्यापाऱ्यांच्या नावांत अमरावतीच्या राजापेठेतले शेखरशेठ दिसले, तसा मी मोर्शीला फोन केला आणि आईला बोलावून घेतलं. दागिने बघायला ये म्हटलं. खरं कारण सांगितलं असतं तर ती आली नसती.

माझी आई सत्यवती शेवंती विकते. नऊ वर्षांपूर्वी सासूची सोन्याची एकदाणी घेऊन ती या शेठकडे गेली होती, तुटलेली कडी जोडून घ्यायला. फुलवालीजवळ एवढं सोनं कुठून आलं, म्हणून त्यांनी पावती मागितली. सासूच्या दागिन्याची पावती कोणाजवळ असते? सोन्यावर नाव थोडंच लिहिलं असते, म्हणत त्यांनी तिची टोपली भर दुकानात उपडी केली. चोरीचं काही निघालं नाही. आई खाली बसून फुलं वेचत राहिली, गिऱ्हाइकं बघत राहिली, मी दारात रडत उभी. त्या गिऱ्हाइकांचाही मला अजून राग येतो.

शेठ आले. त्यांनी मला ओळखलं नाही. त्यांच्या मालातला एक हार यादीत नव्हता. अशा वेळी आम्ही पेनानं नोंद करतो, सही घेतो आणि सोडून देतो. मी पावती मागितली.

"पोरी, मी चोर वाटलो का तुले?"

"सोन्यावर नाव थोडंच लिहिलं असते," मी म्हटलं, आणि त्यांची बॅग टेबलावर उपडी केली.

हार, जेवणाचा डबा, बीपीच्या गोळ्या, कंगवा, सगळं बाहेर आलं. मोत्यांची डबी खाली पडून फुटली आणि मोती रांगेतल्या लोकांच्या पायांत घरंगळले. मागचे व्यापारी हसायला लागले. शेठ खाली बसून एकेक मोती वेचू लागले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात आई पुढे आली. आता ही वाकून त्यांना मदत करणार, मला वाटलं. तिचा स्वभावच तसा.

"घाई नोका करू, शेठजी," ती म्हणाली. "तुमच्या दुकानात शेवंती वेचाले मले अर्धा घंटा लागला होता."

शेठनी मान वर केली. आईनं माझी खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसली.