बरणीवरची टिचकी

आमच्या कारखान्यातली चिनी मातीची एकही बरणी माझ्या टिचकीवाचून बाहेर गेलेली नाही. केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही. बरणी खणखणीत बोलली तर खोक्यात, बद्द वाजली तर फुटक्यांच्या ढिगात, हा सासूबाईंपासूनचा शिरस्ता मी काटेकोर पाळला.

त्या सकाळी मी वाजवून दिलेल्या बरणीत सुनेने धुण्यासाठी कढत पाणी ओतले आणि बरणी तिच्या हातातच दुभंगली. मनगटावर फोड उठले.

"आई, बद्द वाजली होती ती," मलम लावताना ती म्हणाली.

"मग तेव्हा मिठाची गुळणी धरली होतीस?"

"तुमच्यानंतर कुणी वाजवायची नाही, हा तुमचाच हुकूम."

अशा आणखी किती बरण्या लोकांच्या घरी गेल्या असतील?

वर्षानुवर्षे माझे कान फुटत होते आणि मी कापसाच्या बोळ्यावर भागवत होते. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पडद्यांना भोके असल्याचे सांगितले, उजव्याचे मोठे.

"कान कोरडे ठेवून यंत्र लावता येईल. नाहीतर कानामागचे पातळ अस्तर काढून पडद्याला ठिगळ लावू. आधी उजवा, मागाहून डावा."

"यंत्रातून बरणीची चीर कळेल?"

"खात्री नाही."

"आणि ठिगळाने?"

"बहुधा सुधारते. क्वचित ऐकू येणे आणखी घटते."

"त्या क्वचितात मी नाही, असे लिहून द्या."

"तसे कुणालाच देता येत नाही, आजी."

सोबत आलेला मुलगा गालात हसला. मी डोळे वटारले.

घरी येऊन मी दार लावले, डावा कान बोटाने घट्ट दाबला आणि एका धड बरणीवर टिचकी मारली. बोटाला टणकपणा जाणवला. नाद आलाच नाही. पुन्हा मारली, अधिक जोराने. काही नाही. डावाही असाच गेला, तर माणसांचे नुसते ओठ हलताना पाहत मी या घरात बसायचे?

मी सुनेला हाक मारली.

"उद्यापासून माझ्यामागे प्रत्येक बरणी तू वाजव."

"तुम्हाला खणखणीत आणि मला बद्द वाटली तर?"

"ढिगात टाक. मला विचारत बसू नकोस."

"आणि ऑपरेशन?"

"उजव्याचे करू. डॉक्टरीणबाईंना फोन लाव."

"आई, भीती वाटते का?"

"वाटते. म्हणून आत्ताच लाव, माझा धीर सुटायच्या आत."