हट्टी पेशी

माझ्या पेशी माझ्यासारख्याच हट्टी निघाल्या, असं लेकीने सांगितलं तेव्हा बायकोला कोण आनंद झाला. पस्तीस वर्षं ती हेच तर कानीकपाळी ओरडत होती. आता त्यावर प्रयोगशाळेचा शिक्का बसला.

मी घड्याळं दुरुस्त करतो. म्हणजे करायचो. तीन वर्षांपूर्वी नजरेच्या बरोबर मध्ये एक डाग आला आणि ठाण मांडून बसला. कडेचं सगळं दिसतं, ज्याच्याकडे बघावं तेवढंच गायब. लेक पेशींवरच काम करते. तिने माझ्या दंडाची मसुराएवढी कातडी घेतली. औषधाचे बारीक रेणू पाजून त्या पेशींना आधी आपण कोण ते विसरायला लावायचं, मग डोळ्याच्या पडद्याच्या पेशी व्हायला शिकवायचं, असा बेत. ताडून बघायला बायकोचीही कातडी घेतली. बायकोच्या पेशी ठरल्या दिवशी शहाण्यासारख्या बदलल्या. माझ्या तीन खेपा वाया गेल्या. कधी ढिम्म हलेनात, कधी मरूनच गेल्या. चौथी खेप शेवटची, तीही फसली तर उपचाराच्या चाचणीतून माझं नाव कटणार होतं.

मी मनातून हबकलो होतो. वरवर मात्र म्हणालो, डोस वाढव, जरा दम भर त्यांना.

बायको भाजी निवडत होती. ती लेकीला म्हणाली, "तुझ्या बाबांना एकदम काही सांगितलं की ते उलटंच वागतात. थोडं थोडं दे. कळू देऊ नकोस."

लेकीने खरंच डोस निम्मा केला आणि आठवड्याआठवड्याने थेंबभर चढवत नेला. ठरल्यापेक्षा महिना जास्त लागला. काल संध्याकाळी तिचा फोन आला. बदलल्या होत्या. तपकिरी, एकमेकींना चिकटून फरशीसारख्या बसलेल्या. लगेच डोळ्यात घालणार नाहीत, अजून वर्षभर तपासण्या आहेत, पण माझं नाव यादीत राहिलं.

मी चहाचा कप हातात घेत बायकोला विचारलं, "हे कळू न देता थोडं थोडं, तुला कुठून सुचलं?"

"तुमच्या चहावरून. दर आठवड्याला पाव चमचा साखर कमी करत गेले. दीड वर्ष झालं, बिनसाखरेचा पिताय."

मी घोट घेतला. चांगला भला चहा होता. तिला झापायला मान वर केली, तर डाग नेमका तिच्या चेहऱ्यावर. ती हसतेय हे नुसतं ऐकू आलं. मला ते हसणं बघायचंय. घड्याळं नंतर.