माशांची सुईण

"मूठ उघड."

"तुझं काय काम? जा, कपडे वाळत घाल."

मी आईचं मनगट धरलं आणि एकेक बोट सोडवलं. आत करंगळीएवढी बाटली. ओट्यावर बारक्याचा दुधाचा पेला तयार होता.

"त्याला पाजणार होतीस?"

"थेंबभरच."

बारक्या माझा धाकटा भाऊ. त्याच्या अंगात रक्त नीट बनतच नाही. दुसऱ्याचं चढवलं की चार दिवस घर डोक्यावर घेतो, मग परत मेणासारखा पिवळा. हल्ली चढवलेलंही टिकेना. डॉक्टर आता आमच्याकडे न बघताच बोलतात.

आई लॅबमध्ये मासे सांभाळते. बोटाच्या पेराएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे. संध्याकाळी नर-मादी एका टाकीत सोडायचे, मधे पडदी. सकाळी दिवे लागले की पडदी काढायची, मग मादी अंडी घालते. शेजारी आईला माशांची सुईण म्हणतात. अंडी काचेसारखी, आतलं पिल्लू आरपार दिसतं. लॅब चालवणाऱ्या मॅडमकडे एका जातीच्या पिल्लांत रक्तच धरत नव्हतं. त्यांनी अंड्यांच्या पाण्यात या बाटलीतलं औषध टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी पिल्लांत लाल रेघ पळायला लागली. आईने ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मग ती कुणाचं ऐकते?

मी बाटली खिशात घातली आणि तिला ओढतच लॅबमध्ये नेलं.

"चोरायचंच होतं तर थोडी अक्कल पण चोरायचीस," वाटेत मी म्हणाले. एरवी तिने थोबाडीत दिली असती. आज नुसती चालत राहिली.

बाटली बघताच मॅडमनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "पाजलं?"

"नाही," मी म्हणाले.

"मावशी, विष आहे हो ते त्याला."

"पण पिल्लं लाल झाली. मी बघितली."

"झाली ना. पिल्लू घडत असतं तेव्हा आतल्या कामांना कुलपं लागतात, निघतात. यांच्यात रक्ताच्या कामाला भलतंच कुलूप बसलं होतं, ते औषधाने निघालं. पण पहिल्या दिवसातच हं. पोहायला लागलेल्या पिल्लाला दिलं तर मरतं. सगळीच कुलपं निघतात, नको ती पण."

"मग माझ्या पोराला कधी द्यायला हवं होतं?"

मॅडमनी बाटलीचं बूच घट्ट केलं. "त्याचा आजार हाच आहे असंही नाही, मावशी. आणि असता तरी... पोटात होता तेव्हा. अगदी सुरुवातीला. दिवस गेलेत हे तुम्हालाही कळलं नसेल, तेव्हा."

"तेव्हा मी इथेच होते," आई म्हणाली. "टाक्या घासत होते."

"तेव्हा हे औषध नव्हतं."

मला काहीतरी फोडायचं होतं. त्या खोलीत काचेशिवाय दुसरं काही नव्हतंच, म्हणून हात खिशात कोंबले.

"कामावरून काढणार?" आईने विचारलं.

मॅडमनी नाही म्हणून मान हलवली. बाटली कपाटात ठेवली आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

आईने बाह्या वर केल्या. बशी पुढे ओढली आणि मेलेली, पांढरी पडलेली अंडी बारीक नळीने एकेक उचलून बाजूला काढायला लागली. चांगल्या अंड्यांना धक्का लागू देत नव्हती.

"उद्या येणार नाही, मॅडम," मान वर न करताच ती म्हणाली. "मुलाला रक्त चढवायचंय."