मागची घंटा

मी एक जुनी जोडसायकल आहे. मला सीटा दोन, हँडल दोन, पेडलच्या जोड्याही दोन. चाके मात्र इतर सायकलींसारखी दोनच.

माझी मागची सीट रिकामी झाली, हे मला एका शनिवारी संध्याकाळी कळले. दर शनिवारी मालक माझ्या चाकांत हवा भरत, कारण रविवारी आम्हाला फिरायला निघायचे असे. मालकीणबाई काही आठवड्यांपासून दवाखान्यात होत्या, तरी मालकांनी हवा भरणे चुकवले नव्हते. त्या दिवशी ते बाहेरून आले ते थेट पंप घेऊनच. पुढचे चाक अंगठ्याने दाबून पाहिले, हवा भरली. मग मागच्या चाकापाशी बसले आणि नुसते बसूनच राहिले. मला वाटले, दमले असतील. इतक्यात त्यांची मुलगी घरातून बाहेर आली. तिने त्यांच्या हातातला पंप हळूच काढून घेतला.

"बाबा, आई गेली ना," ती म्हणाली. "राहू द्या आता हे. आत लोक आलेत."

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यात झाला नाही. मी खाणीच्या वर्कशॉपमध्ये जन्मले, तेही खाण बंद व्हायला आली तेव्हा. मालक आणि बाई, दोघेही तिथेच कामाला होते. बाई दिवाखोलीत होत्या. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला दिवा द्यायचा, वर आल्यावर तो परत घ्यायचा आणि काच पुसून ठेवायची, हे त्यांचे काम. मालक यंत्रघरात बसून माणसांना खाली-वर नेणारा लोखंडी पिंजरा चालवत. दोघे आपापल्या सायकलीवरून कामावर येत. मालक नेहमी पुढे निघून जात आणि बाई कुठवर आल्या ते बघायला सारखी मान वळवत. असे बघता बघता ते दोनदा खड्ड्यात गेले. शेवटी बाईंनीच वेल्डरला सांगितले, या दोन सायकलींची एक करून दे, म्हणजे यांची मान तरी सरळ राहील.

वेल्डरच्या हाताला तेव्हा काम उरले नव्हते. त्याने दोन्ही सायकली कापल्या, मोजून-मापून जोडल्या आणि सांध्यावर हिरवा रंग दिला. म्हणाला, "तुमच्या लग्नाला मला कुणी बोलावलं नव्हतं. त्याची भरपाई आज करतो. हा सांधा सुटायचा नाही."

तो खरेच सुटला नाही.

घंटा बाईंनी स्वतः बसवली, आणि ती मागच्या हँडलवर. लोक हसायचे, कारण सायकलीची घंटा पुढे असते. पण या दोघांची रीत खाणीतली होती. यंत्रघरातून पिंजरा दिसत नाही. पिंजऱ्यात कोण आहे, दार लागले की नाही, हे चालवणाऱ्याला घंटेवरूनच कळते. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. तीन म्हणजे आत माणसे आहेत, जरा हळू. घंटा झाल्याशिवाय यंत्राच्या दांड्याला हात लावायचा नाही, हा तिथला पहिला नियम. मालकांनी तो सगळी नोकरीभर पाळला आणि सायकलीवरही सोडला नाही. बाई सीटवर बसत, पदर नीट खोचत आणि दोन ठोके देत. मगच मालक पेडल मारत. उतार आला की तीन ठोके. "माणसं आहेत हो आत," असे बाई मागून म्हणायच्याही. एकदा मालक म्हणाले, "अगं, तू नि मी मिळून दोनच तर माणसं." त्यावर बाई म्हणाल्या, "ती काय टाकाऊ आहेत?"

खाण बंद झाली आणि तिथला सगळा मुलूख हळूहळू बदलला. रूळ उखडले आणि त्या जागी सायकलींसाठी सपाट वाट केली. दगड-मातीच्या ढिगाऱ्यांवर गवत आले आणि ते टेकड्यांसारखे दिसू लागले. उघड्या खाणीत पाणी साठून हिरवे तळे झाले. आम्ही रविवारी त्या वाटेने जायचो. प्रत्येक खेपेला एक जुनी खाण, असे दोघांनी ठरवले होते. प्रत्येक ठिकाणी थांबून बाई पिंजरा ओढणाऱ्या लोखंडी मनोऱ्याकडे मान वर करून बघत आणि इथे अमका होता, तिथे तमका होता, असे सांगत. दिवाखोलीचे आता चहाचे दुकान झाले आहे. एकदा बाई तिथे थेट गल्ल्यामागे गेल्या आणि भिंतीवरच्या खुंट्यांवर हात फिरवू लागल्या. तिथे आता कप टांगलेले होते. दुकानदार म्हणाला, बाई, इथे यायची परवानगी नाही. मालक म्हणाले, "अहो, तुम्ही येण्याआधी त्यांच्या परवानगीशिवाय इथून कुणी खाली उतरत नव्हतं."

एकच खाण बघायची राहिली होती. ती तळ्याच्या पलीकडे, सगळ्यांत जुनी. तिचे तोंड आता बंद केले आहे आणि वर एक दगड उभा केला आहे. अपघातात आतच राहिलेल्यांची नावे त्यावर कोरली आहेत. त्यात बाईंच्या धाकट्या भावाचे नाव आहे. अपघाताच्या सकाळी त्याला दिवा बाईंनीच दिला होता. वाट फुटायची तिथे आलो की बाई एक ठोका देत. मालक थांबत. "पुढच्या खेपेला," बाई म्हणत, आणि आम्ही परत फिरत असू. मालकांनी कधी का म्हणून विचारले नाही.

मग एका रविवारी बाईंनी दिव्यांच्या काचा पुसायचे आपले जुने पिवळे फडके धुऊन, घडी घालून माझ्या सीटमागच्या पिशवीत ठेवले. त्या दगडावर धूळ बसत असेल, म्हणाल्या. या खेपेला जाऊच. पण त्याच आठवड्यात त्या आजारी पडल्या.

बाई गेल्यावर मी बरेच दिवस जिन्याखाली उभी होते. दोन्ही चाके बसली, साखळीला गंज चढला. यंत्रघरात आता संग्रहालय आहे. तिथले गृहस्थ आले आणि मला मागू लागले. छान रंग देऊ, भिंतीवर टांगू, लोक बघतील, असे ते समजावून सांगत होते. मुलीलाही ते पटले होते. घरात अडगळ कशाला, आणि बाबा आता कुठे जाणार एकटे, असे तिचे म्हणणे.

मालक म्हणाले, "टांगून ठेवायला ती काय कंदील आहे?"

गृहस्थ गेल्यावर मुलगी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. पुढच्या शनिवारी तिनेच तेलाची कुपी आणली. मालकांनी साखळी पुसली, दोन्ही चाकांत हवा भरली. रविवारी ती मागच्या सीटवर बसली. मालकांनी पेडलवर पाय ठेवला. आम्ही काही हललो नाही.

"निघा की बाबा," मुलगी म्हणाली.

मालक तसेच उभे. मग हळू आवाजात म्हणाले, "घंटा."

तिने वाजवली. एकदाच. मालकांनी पेडलवरचा पाय काढून जमिनीवर टेकवला. तिने विचारले, काय झाले? तेव्हा त्यांनी मान न वळवता तिला सगळे सांगितले. एक म्हणजे काय, दोन म्हणजे काय, तीन म्हणजे काय.

मुलगी म्हणाली, "मला इतकी वर्षं वाटायचं, आईला घंटा वाजवायची हौस आहे."

आणि तिने दोन ठोके दिले.

आम्ही निघालो. मुलीला मागे बसायची सवय नाही, ती फार डुलते. पण उतारावर तिने आठवणीने तीन ठोके दिले. ढिगारे मागे पडले, तळे आले, मग वाट फुटायची ती जागा आली. मालकांचा वेग आपोआप कमी झाला. त्यांनी हँडल घट्ट आवळले, ते मला कळले. मागून ते दिसणे शक्य नव्हते. तरी मुलीने एक ठोका दिला. आम्ही तिथे पाण्याकडे बघत थोडा वेळ थांबलो आणि मग परत आलो.

मित्रांनो, सायकल वापरात ठेवा. साखळीला तेल घाला, चाकांत हवा भरा. आणि तुमच्या मागे कुणी बसत असेल, तर त्यांच्या खुणांचा अर्थ त्यांनाच विचारून घ्या, ते आहेत तोवर.

पिवळे फडके माझ्या पिशवीत घडी घातलेलेच आहे. तो दगड पुसायचा राहिला आहे.