सुज्ञ मनुष्य आणि रजईचं कव्हर

आमच्या बाबांनी माझा लॅपटॉप धुतला. पुसला नाही हं, धुतला! साबण, गरम पाणी, वर गरगरा पिळूनसुद्धा.

आमची लाँड्री आहे. बाबांचा शिरस्ता असा, की काउंटरवर जे पडेल त्याला टोकनाची पिन टोचायची आणि मागच्या मशीनमध्ये टाकायचं. तोंड गिऱ्हाइकाशी गप्पा हाणत असतं, हात आपले चालूच. त्यात आईनं लॅपटॉपला जुन्या रजईचं जाडजूड कव्हर शिवलेलं. मी तो काउंटरवर ठेवून चहा आणायला आत गेले आणि बाहेर येऊन बघते तर काय, लॅपटॉप फेसात! "बाबा, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" मी ओरडलेच.

विमा होता, म्हणून दावा केला. कंपनीचं उत्तर आलं, ते बाबांनीच मोठ्यानं वाचलं: "कोणताही सुज्ञ मनुष्य लॅपटॉप धुलाईयंत्रात घालणार नाही. सबब, नुकसान हेतुपुरस्सर केल्याचे समजून दावा फेटाळण्यात येत आहे."

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे मी एकतर लबाड, नाहीतर खुळा. लबाड तर मी नाही." एप्रन खुंटीला अडकवला आणि मागच्या स्टुलावर जाऊन बसले. "दुकान आता तू सांभाळ. माझं वय झालं."

गेला खड्ड्यात तो लॅपटॉप! गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलल्याशिवाय ज्याला जेवण जात नाही, तो माणूस दिवसच्या दिवस भिंतीकडे बघत बसलेला. मला बघवेना. बाबा लबाड नाहीत आणि खुळेही नाहीत असं म्हणा, एवढंच मला त्या कंपनीकडून हवं होतं. फोन करकरून मी त्यांना असं भंडावलं, की शेवटी एक साहेब जातीनं चौकशीला आले.

काउंटरवरचे साबणाचे थेंब बघून साहेबांनी नाक मुरडलं, अंगावरचा कोट काढून हातातला टॅब त्यात नीट गुंडाळला आणि गुंडाळी काउंटरवर ठेवली.

"बाई, कपडा कुठला आणि यंत्र कुठलं, एवढं माणसाला कळत नाही?"

"कळतं हो! पण तोंड चालू असलं की हात कुठे विचारायला येतात?"

"म्हणजे हात काय आपोआप चालतात?"

"नाहीतर काय! तुम्ही एक दिवस उभे राहा ना इथे. मग कळेल सुज्ञ म्हणजे काय ते. खुर्चीत बसून पत्रं लिहायला काय जातंय!" मी मशीनचं दार धाडकन लावलं, बटण दाबलं आणि पुढे बोलतच राहिले. आज मी कुणाच्या बापाला ऐकणार नव्हते.

"थांबा, नियमच दाखवतो," म्हणत साहेबांनी काउंटरवर हात फिरवला. काउंटर रिकामा.

"माझा कोट?"

मशीनच्या गोल काचेतून एक बाही आम्हाला टाटा करत वर गेली.

"अहो, बंद करा! उघडा!"

"पाणी भरलं की दार उघडत नाही, साहेब," स्टुलावरून आवाज आला. किती दिवसांनी बाबा बोलले होते!

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्याच वेळी पोटातून असं हसू उसळलं, की मी काउंटर धरून खालीच बसले. साहेब एकदा माझ्याकडे बघत, एकदा काचेकडे.

"टॅबचा विमा आहे का?" बाबांनी विचारलं.

"आहे," साहेब म्हणाले. "आमच्याच कंपनीचा." मग त्यांचाही ओठ थरथरला, आणि ते खो-खो हसत सुटले. "आता कारण काय लिहू मी?"

"लिहा, एका सुज्ञ बाईनं टाकला!" बाबा म्हणाले.

"तुमचा दावा मंजूर केल्याशिवाय माझा कुठला मंजूर होतोय!" साहेबांनी डोळे पुसले.

बाबा उठले. खुंटीवरचा एप्रन काढून गळ्यात घातला, नाडी बांधली आणि मला कोपरानं ढकललं.

"सरक बाजूला," ते म्हणाले. "वय झालं तुझं."